शेजारणीचा पसा

कृती सांगताना एक जिन्नस गाळून सांगणारी बाई मला आजही आवडत नाही. तिच्याकडे लाडू मागा, डबा भरून देईल. पण पाकाची खूण विचारली की नेमकं त्याच वेळी तिला दारात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. आमच्या शेजारणीला ही विद्या येत नव्हती. ती कृती सांगायची आणि वर सामानही देऊन मोकळी व्हायची. तिच्या याच सवयीने एका श्रावणात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमचे हे दीपनगरला वीज केंद्रात लागले आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मी धुळ्याकडची, सासरही धुळ्याकडच्याच खेड्यातलं. शेजारीण अकोल्याकडची. दोघींच्या मागच्या अंगणात कमरेएवढी एक भिंत होती. त्या भिंतीवरून वाट्या, ताटल्या, डबे इतके गेले-आले की माझ्या मांडणीवर माझी भांडी किती आणि तिची किती, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

दर बुधवारी दुपारी आमच्या ओळीतल्या बायका शेजारणीच्या ओट्यावर जमायच्या. पुरुष ड्यूटीवर, पोरं शाळेत. प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं. शेजारणीने सुरुवातीलाच कायदा करून टाकला होता. घरात असेल त्यातलंच करायचं, अर्ध्या तासात व्हायला हवं, आणि कृती पूर्ण सांगायची. त्यामुळे तिथे मोठाले पदार्थ कधी आले नाहीत. शेंगदाण्याची चिक्की यायची, ताकातल्या तिखट पुऱ्या यायच्या, कालच्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून केलेला लाडू यायचा. एकदा एकीने नुसते दहीपोहे आणले आणि ओशाळून म्हणाली, आज काही जमलंच नाही. ते दहीपोहे सगळ्यांत आधी संपले.

माझा मान केळ्याच्या घारग्यांचा. फैजपूरला आमचे एक नातलग होते. ते आले की केळीचा अख्खा घड घेऊन यायचे. आणि केळी ही अशी जात, की पिकायला लागली म्हणजे एका रात्रीत सगळीच पिकतात. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? मग साल काळी पडलेली केळी कुस्करायची, त्यात किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालायचं आणि मावेल एवढंच गव्हाचं पीठ. पाण्याचा थेंबही नाही. तेलाच्या हाताने थापून मंद आचेवर तळायचे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा शेजारीण माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. तिने पदराखालून मूठ काढली आणि माझ्या परातीत चिमटीचिमटीने रवा सोडला.

"खुसखुशीत होतात वं," ती म्हणाली.

खरंच झाले. पण मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, की माझ्या घरात रवा नव्हता का? त्यावर तिने तिच्या आईचं म्हणणं सांगितलं. दुसरीच्या चुलीपाशी रिकाम्या हातानं उभं राहू नये. चिमूटभर का होईना, आपलं काहीतरी त्यात पडलं पाहिजे. मग खाताना लाज वाटत नाही. तेव्हापासून मी तिच्या बंद मुठीकडे बघायला शिकले. कधी तीळ, कधी बडीशेप, कधी नुसतीच साखर. तिला मूल नव्हतं, सासर-माहेर दोन्ही लांब, आणि ओळीतल्या प्रत्येक घरातल्या पदार्थात तिचं काही ना काही पडलेलं होतं.

त्या वर्षी आमची कानबाई माझ्या क्वार्टरमध्ये बसायची ठरली. खानदेशातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे लावून देवी सजवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. आमच्याकडे रोट म्हणजे पुरणाच्या पोळ्या, पण त्यांचे गहू नि डाळ वाण्याकडून आणून चालत नाही. भाऊबंदातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ मोजायची. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. त्याच धान्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत. आमच्या घराण्यात तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही ते चालत नसत. ती दुसऱ्या घरची झाली ना.

दरवर्षी ही देवी गावी बसायची. त्या वर्षी मात्र गावच्या धाब्याच्या घराचं छत उतरवलं होतं, स्लॅब टाकायचा होता. देवी कुठे बसवायची यावर गावात बरीच खलबतं झाली. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्कांच्या मनात चुलत जावेचं घर होतं. माझ्या घराचं नाव यांनी काढलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मन्हा घरनी कानबाई गॅसवर रांधेल खाई का?"

मला ते फार लागलं. क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून अक्का मला 'कॉलनीवाली' म्हणायच्या. त्यात राग नव्हता, पण माझा हात अजून घरच्या पंगतीतला नाही, एवढं त्यात होतं. मी यांच्याकरवी निरोप धाडला. मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडते, रोट भाजायचं मातीचं खापर गावाहून आणते, देवीच्या रांधण्याला गॅस पेटवतसुद्धा नाही. अक्का तयार झाल्या. पण निघताना जावेला सांगून आल्या, की तिथे काही वेडंवाकडं दिसलं तर देवी उचलून तुझ्याकडे आणीन. हे मला जावेनेच मुद्दाम कळवलं. ती तेवढी तत्पर होती.

म्हणजे ती कानबाई माझ्या घरात नीट बसली तर मी त्या घरची सून, आणि नाही बसली तर जन्मभर कॉलनीवाली. मला तरी तेव्हा असंच वाटत होतं.

अक्का गुरुवारी आल्या. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून त्यांनी पितळी परात पुढ्यात घेतली आणि एकेक नाव घेत गव्हाच्या मुठी टाकल्या. माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या, आबांच्या वेळी त्यांचा हात जरा थांबला, मग त्यांनी ते नाव गाळून पुढचं घेतलं. दुपारी त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी गहू निवडायला पुढच्या खोलीत बसले. तेवढ्यात शेजारीण आली. मला एकटीला निवडताना बघून तीही परातीपाशी टेकली. निवडायला हात लावलेला चालत होता, म्हणून मी काही बोलले नाही. गॅसवर चहाचं दूध होतं, ते उतू जायला लागलं म्हणून मी उठले. परत आले तर ती पदर झटकत होती.

"मी बी टाकला पसाभर," ती हसून म्हणाली. "आमच्या गावाकडं देवाचं दळण असलं की शेजारीण पसा टाकतेच."

ओंजळभर गहू. तिच्या डब्यातले. आमच्या कानबाईच्या परातीत.

मी दोन्ही हातांनी परात माझ्याकडे ओढली. तिने विचारलं, "काहून वं, काय झालं?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मुठी कशा असतात, कुणाच्या असतात, बाहेरचा दाणा कसा चालत नाही. 'बाहेरचा' हा शब्द तोंडातून निघाला आणि मलाच कसंतरी झालं. तिचं हसू मावळलं. पण ती रडली नाही, रागावलीही नाही. परात पुढे ओढून म्हणाली, "थांब. माझे गहू लांबट हायत, तुमचे बुटके. मी येचून काढते." आणि खरोखरच वेचायला लागली. मीही वेचायला लागले. दुसरं काही सुचेना. थोड्या वेळाने लक्षात आलं, की आमच्या गव्हातही लांबट दाणे आहेत आणि तिच्यातही बुटके असणार. तरी आम्ही दोघी खाली माना घालून वेचत राहिलो. मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती. त्याहून जास्त भीती आतल्या खोलीची वाटत होती.

"काय येची ऱ्हायन्यात?"

अक्का दारात उभ्या होत्या. शेजारणीच्या बाजूला वेगळ्या काढलेल्या गव्हाचा एक ढीग, माझ्या बाजूला एक.

"गहूमाईन गहू?" गव्हातून गहूच वेचताय, असं त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं आणि सुचलंही नसतं. मी जे झालं ते सांगून टाकलं. शेजारीण उठून उभी राहिली. अक्कांनी तिला हाताने खाली बसवलं आणि स्वतः समोर बसल्या.

"कोना नावनी टाकी?" त्यांनी तिला विचारलं.

शेजारणीला भाषा कळली नाही, म्हणून मी सांगितलं. कुणाच्या नावाने टाकलेस?

ती गोंधळली. म्हणाली, "नाव कोणाचं घेऊ? यायच्या घराचं बरं व्हावं म्हणून टाकला."

आता देवी चुलत जावेकडे जाणार, हे मी मनात नक्की करून टाकलं. अक्कांनी मात्र आम्ही वेगळे काढलेले दोन्ही ढीग तळहाताने ओढले आणि परातीत लोटून दिले.

"देवीले दिधेल दाना मांगे लेतस का?" मला म्हणाल्या. "मूठ पडनी ना? मंग ती भाऊबंद शे. रोट तिले खावाच लागी." आणि उठता उठता आणखी म्हणाल्या, "पसा म्हंजे दोन मुठी व्हयन्यात. तिना धनीले बी बलाव."

शेजारणीला मी याचा अर्थ सांगितला, तेव्हा मात्र तिने पदर डोळ्यांना लावला. मीही लावला असता, पण चहाचं दूध परत उतू जायला लागलं होतं.

शनिवारी एरंडोलहून माझी नणंद आली. अक्कांची एकुलती एक लेक. आमच्या घरचं पुरण तीच घाटायची आणि खापरावर रोट टाकावेत तर तिनेच. तिच्या दोन्ही हातांवर पोळी फिरत फिरत परातीएवढी व्हायची आणि अलगद खापरावर उतरायची. लग्नानंतरही दरवर्षी ती यायची, दिवसभर चुलीपाशी बसायची आणि सगळ्यांचं झाल्यावर वरण-भात खायची. कुणी तिला खाऊ देत नव्हतं असं नाही. ती स्वतःच ताट वेगळं घ्यायची. लेकीला चालत नाही हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिच्याही मनात नसावं. निदान तोंडावर तरी कधी दिसलं नाही.

आमच्या घरचे रोट मला पहिल्यापासून थोडे अगोड वाटायचे. माझ्या माहेरी पुरण चांगलं गोडमिट्ट असायचं. पण घराघराची रीत वेगळी, असं म्हणून मी त्याबद्दल कधी बोलले नाही. अक्काही काही म्हणत नसत.

रविवारी देवी बसली. तीन विटांच्या चुलीला धूर फार झाला, पण खापर छान तापलं. नैवेद्य झाल्यावर पंगत बसली. शेजारणीचे यजमान इतके संकोचले होते, की पाटावर बसूनही त्यांचं अर्धं अंग दाराकडेच होतं. शेजारीण माझ्या शेजारी. वाढायला नणंद. तिने शेजारणीच्या ताटात रोट वाढला, त्यावर तुपाची धार धरली आणि तिथेच थांबली.

"ताई, गोड बरोबर शे का?" तिने विचारलं.

शेजारणीने घास तोंडात घातला आणि मान डोलावली. नणंद पुढे गेली. परत फिरताना तिने पुन्हा विचारलं, पुरण मऊ आहे ना, वेलची लागते ना, गूळ बरोबर आहे ना. मला तेव्हा वाटलं, नवीन माणूस पंगतीत आहे म्हणून आदराने विचारते आहे. मी सहज अक्कांकडे बघितलं. त्यांचा घास हातातच होता आणि त्या लेकीकडे बघत होत्या. जेवण झाल्यावर नणंद नेहमीप्रमाणे वरण-भाताचं ताट घेऊन चुलीपाशी बसली. अक्का तिच्याजवळ जाऊन बसल्या. ती जेवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

भाऊबंद झाल्याचा फायदा शेजारणीला पुढच्या आठवड्यात कळला. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात आणि अक्का गावी जाताना ते काम आम्हा दोघींवर सोपवून गेल्या होत्या. सकाळी दुधात रोट, दुपारी कुस्करून रोट, संध्याकाळी तव्यावर कडक केलेला रोट. "तुमच्या भाऊबंदकीत लई खावं लागते," ती म्हणायची. बुधवारी ओट्यावरच्या बायकांनी आमची चांगलीच कानउघाडणी केली. हिला रोट आणि आम्हाला नुसता वास? मग मी साध्या गव्हाच्या, कुणाच्याही मुठीच्या नसलेल्या पोळ्या केल्या आणि पुरणाची कृती काही न गाळता सांगितली.

पुढच्या श्रावणात गावचं घर तयार होतं. स्लॅबच्या नव्या घरात देवी बसायची होती. मी गुरुवारीच गेले. शेजारीण माझ्याबरोबर एस. टी. ने आली. रुमालाच्या टोकाला तिने गहू बांधले होते आणि या खेपेला सव्वा मूठ नीट मोजून आणली होती, नवऱ्याची वेगळी. पोचलो तर नणंद ओसरीवर बसलेली. ती शनिवारी यायची, म्हणून मी चकित झाले. तिलाही काही माहीत नव्हतं. अक्कांनी निरोप पाठवला होता, की गहू निवडायला माणूस नाही, लवकर ये.

अक्कांनी परात घेतली. एकेक नाव झालं. मग शेजारणीने रुमाल सोडला आणि आपले गहू टाकले. आता अक्का परात उचलतील असं मला वाटलं. त्यांनी ती लेकीपुढे सरकवली आणि गव्हाचा डबा तिच्याजवळ ठेवला.

"टाक," त्या म्हणाल्या.

नणंद आईकडे बघत राहिली. "माय, माले चालस का?"

"शेजारीननी मूठ चालनी. तुन्ही काबर चालाव नही?"

नणंदेने डब्यात हात घातला. तिची मूठ घट्ट होती, एक दाणा बाहेर पडला नाही. परातीवर ती मूठ बराच वेळ तशीच राहिली आणि मग हळूहळू उघडली. राहिलेली पाव मूठ घालायची ती विसरली, ती अक्कांनी घातली.

रविवारी ती पंगतीत बसली. वाढायला मी होते. तुपाची धार तिच्या रोटावर मी जरा जास्तच धरली असेन. तिने घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि चेहरा विचारात पडल्यासारखा केला. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती.

"गूळ कमी शे," ती म्हणाली.

तिने दुसरा घास घेतला आणि खात्री करून घेतली. "खरंच कमी शे. दरसाल असाच ऱ्हास का?"

मी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी माझ्याकडे. मग अक्का म्हणाल्या, हो, असाच असतो.

"मंग सांगं काबर नही?"

जी खात नाही तिला काय सांगायचं, असंच आम्हा सगळ्यांना वाटत आलं होतं. हे तिला तोंडावर कोण सांगणार? इतकी वर्षं तिने ते पुरण नुसत्या अंदाजाने घाटलं होतं. लहानपणी खाल्लेली चव आठवून गूळ घालत होती आणि ती आठवण दरवर्षी थोडी थोडी अगोड होत गेली होती. अक्कांनी आपल्या ताटातला रोट बाजूला सारला आणि मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

शेजारीण उठली. तिने चुलीपाशी जाऊन गुळाचा डबा उघडला, एक खडा फोडून आणला आणि नणंदेच्या ताटात रोटाशेजारी ठेवला. मग अक्कांच्या ताटात एक ठेवला, आणि पंगतीत फिरत फिरत सगळ्यांच्याच.

तेव्हापासून पुरणात गूळ नणंदच घालते आणि नैवेद्य झाला की पहिला घास तीच घेते. आमच्या घरचे रोट आता चांगले गोड होतात.